मधला ध्वनिक्षेपक
मावळातील कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ४५ फूट उंच आहे. त्या दगडी छताखाली मंत्रघोष गंभीरपणे घुमतो. परंतु भरभर उच्चारलेले वाक्य प्रतिध्वनीत विरते. लोणावळ्याच्या दगडी बंगल्यात घरगुती चित्रपटगृह मांडणाऱ्याने हे ध्यानी धरावे.

चित्रपटातील बहुतेक संभाषण मधला ध्वनिक्षेपक वाहतो. तो डाव्याउजव्यांच्याच घडणीचा असावा. नाही तर पडद्यावरून चालत जाणाऱ्या पात्राचा कंठ मध्येच पालटतो. बैठकीच्या जागी तिघांचा आवाज सारखाच भरावा. ध्वनी सेकंदास सुमारे ११३० फूट जातो. म्हणून मधला एक फूट जवळ असल्यास यंत्रात त्यास सुमारे एक सहस्रांश सेकंद विलंब द्यावा.

भुईवर सतरंजी, खिडकीस जाड पडदा असावा. घरच्या वृद्धांस प्रत्येक शब्द कळला, तरच खर्च सार्थकी लागला म्हणावयाचे.