जुन्या जीपचे इंजिन : भाग ओळखावे कसे?



आपल्या वऱ्हाडात एखाद्या वाड्यामागे जुनी जीप उभी दिसते. ती पुन्हा चालती करावी, अशी हौस पुष्कळांना असते. इंजिन खोलणे सोपे. पण निघालेला भाग ओळखून ज्याच्या त्याच्या जागी बसवणे, खरी परीक्षा तिथे आहे.

आधी इंजिन कोणते ते बघा. जुन्या विलिस जीपची दोन पेट्रोल इंजिने प्रसिद्ध आहेत. दोन्ही चार सिलिंडरची, दोन्ही 134 घनइंचांची, म्हणजे सुमारे 2.2 लिटर. युद्धकाळातल्या इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असतात; म्हणून हेड सपाट दिसते. 1950 साली आलेल्या 'हरिकेन' इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह हेडात गेले; त्यामुळे वर रॉकरचे झाकण दिसते.

आता खरी फसगत सांगतो. युद्धकाळातल्या आरंभीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट साखळीने फिरतो, नंतरच्यांत गिअरने. सायकलची साखळी आठवा : दोन्ही चक्रे एकाच दिशेने फिरतात. रसवंतीवरचा चरक आठवा : एकमेकांत अडकलेली दातेरी चक्रे उलट दिशांनी फिरतात. तसेच इथे. म्हणून एका प्रकारचा कॅमशाफ्ट आणि ऑइल पंप दुसऱ्या प्रकाराला चालत नाही. भंगार बाजारात मात्र दोन्ही पंप भावाभावांसारखे दिसतात! अशा वेळी जुना पंप सोबत न्यावा, दात्यांचा तिरपेपणा कोणत्या बाजूला आहे ते ताडून पाहावे. तेलाचा दाब मिळाला नाही तर बेअरिंग जळते, क्रँक खराब होतो, आणि सगळा खर्च पाण्यात जातो.

बेअरिंगच्या पाठीवर 010 किंवा 020 असे आकडे असतात. 010 म्हणजे क्रँक एक इंचाचे दहा हजारांश, जवळजवळ पाव मिलिमीटर, घासून बारीक केला आहे. पिस्टनच्या माथ्यावरचा तसाच आकडा सिलिंडर किती मोठा केला ते सांगतो. हे आकडे पुसून, वाचून, वहीत लिहावेत, मायक्रोमीटरने पडताळावेत. शिक्षकांनी मुलांना मोजमाप शिकवायला याहून चांगला धडा कोणता?

बेअरिंगच्या टोप्यांची अदलाबदल कधीही करू नये. प्रत्येक टोपी तिच्या जागेशी जुळवूनच कोरलेली असते. काढण्याआधी खूण करा, दिशाही लिहा, प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा.

मिस्त्रीचा हात कितीही बसलेला असो, नुसत्या रूपावर विश्वास ठेवू नये. रूप सारखे असले तरी आकडा, माप आणि जागा या तीन गोष्टींनीच भागाची ओळख पटते.