द्यूत, शासन आणि सीमेवरचे गाव



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी गणित शिकलो, त्याच शाळेत गुरुजींच्या स्मृतिदिनी बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. आजचा विषय मी गुरुजींच्याच एका तासातून घेतला आहे.

मी तेव्हा आठवीत होतो. शाळेत निघताना वडील माझ्याजवळ आकड्याची चिठ्ठी आणि एक रुपया देत. वाटेतल्या एका टपरीवर मी तो पोहोचवीत असे. एके दिवशी ती चिठ्ठी वहीतून गुरुजींच्या समोरच पडली. त्यांनी ती उचलली, वाचली आणि काही न बोलता माझ्या हाती ठेवली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर उदाहरण आले : शून्यापासून नऊपर्यंत दहा आकडे, प्रत्येकावर एकेक रुपया लावला, लागलेल्या आकड्याला नऊ रुपये मिळतात, तर नफा किती, तोटा किती? दहा गेले, नऊ आले. "आता हेच रोज करा," एवढेच गुरुजी म्हणाले.

ते गणित मी घरी वडिलांना सांगितले. ते हसले. म्हणाले, "अरे, दहाही आकड्यांवर कोण लावतो? मी एकावरच लावतो." या एका वाक्यात जुगाऱ्याचे सारे मन आहे, हे कळायला मला पुढे अनेक वर्षे लागली. तोवर आईच्या पाटल्या सराफाकडे गेल्या होत्या. त्या परत आल्या नाहीत.

द्यूत आपल्याला परके नाही. ऋग्वेदात जुगाऱ्याच्या विलापाचे सूक्त आहे आणि बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. मटका मात्र अलीकडचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होत्या भावांवर मुंबईत पैजा लागत. त्यातूनच १९६०च्या दशकात मटका फोफावला. आपल्या भागात त्याला 'ओसी' म्हणतात, ते त्या 'ओपन' आणि 'क्लोज'वरूनच.

सीमेवरच्या गावाला जुगाराची आणखी एक बाजू दिसते. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, नंतर म्हैसूर राज्यात आलो. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्याचा निकाल दिला. वृत्तपत्र बंगळूरचे, त्यातील बक्षिसाची शब्दकोडी सोडवून पैसे भरणारे मुंबई राज्यातले. मग कर कोणी घ्यावा, असा तो वाद होता. मुंबई राज्याचा कर न्यायालयाने वैध ठरविला आणि जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असे स्पष्ट सांगितले. म्हणजे त्याच्यावर बंदी घालावी की त्याला मुभा द्यावी, हे शासनाने ठरवायचे.

शासनांनी काय ठरविले, ते पाहण्यासारखे आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्राने कॅसिनोला वाट देणारा कायदा केला. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्याच १९७६ मध्ये गोव्याने जुगारबंदीचा कायदा केला. पण १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आली आणि १९९६ च्या दुरुस्तीने नौकांवर जुगाराची टेबले मांडण्याचा मार्ग खुला झाला. पुढे पणजीसमोर मांडवीत त्या नौका उभ्या राहिल्या. कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी बंद केली. तिकीट मात्र पलीकडे कागल-गडहिंग्लजला मिळतच राहिले.

मांडवीतील नौकांवरून गोव्यात मोठा वाद झाला. महसूल, पर्यटन आणि तरुणांचा रोजगार ही एक बाजू. तिची मी थट्टा करणार नाही. ज्याच्या घरची चूल त्या पगारावर पेटते, त्याला तो पगार खराच असतो. दुसऱ्या बाजूला पणजीत नागरिक आणि महिला संघटनांनी मोर्चे काढले. अखेर १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी झाली. कॅसिनो चालू राहिले; बंदी फक्त घरच्यांना!

मित्रहो, माझ्या मते हा कबुलीजबाब आहे. जे आपल्या लेकरांना अपायकारक म्हणून शासन त्यांना दाराशी अडवते, तेच शेजाऱ्याच्या लेकरांना तिकीट लावून देते. संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा, आंबोलीमार्गे गोव्याला जाणारा रस्ता आपल्या दारातूनच निघतो. उसाचे बिल आल्यावर त्या रस्त्याने कोण जाते आणि कसा परत येतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. महसूल नदीच्या त्या मुखाशी जमा होतो. तोटा हिरण्यकेशीच्या काठी येतो. त्या तोट्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते.

अमेरिकेतील आदिवासी जमातींना १९८८ च्या कायद्याने आपल्या भूमीवर कॅसिनो चालविण्याची चौकट मिळाली. त्यातल्या नवाहो लोकांनी १९९४ आणि १९९७ मध्ये मतदानाने कॅसिनो नाकारला; पुढे विचार बदलला आणि २००८ मध्ये त्यांचा पहिला कॅसिनो उघडला. निर्णय कोणताही असो, ज्यांना भोगायचे त्यांना आधी विचारले गेले. आपल्या घरांना कोणी विचारले?

आता तर टपरीचीही गरज उरलेली नाही. फड खिशातल्या फोनवर आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे योग्यच झाले. परंतु मटका कायद्याने बंद असतानाही माझ्या हातात चिठ्ठी होती, हे मी विसरू शकत नाही.

द्यूतसभेत द्रौपदीने विचारले होते : स्वतःला आधी हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोणता? विदुर आणि विकर्ण सोडले तर सभा गप्प राहिली. माझ्या आईने हा प्रश्न कधी विचारला नाही. मीही विचारला नाही, कारण चिठ्ठी पोहोचविणारा मीच होतो.

गुरुजींनी मला रागावले नाही, वडिलांची बेअब्रूही केली नाही. त्यांनी सभेसमोर हिशेब मांडला. विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर तो हिशेब तुम्हीही मांडा, आणि तुमच्या हाती कोणी चिठ्ठी दिली तर ती नम्रपणे परत करा. गुरुजींच्या स्मृतीला याहून मोठी आदरांजली मला सुचत नाही.