उसनी ओवी : फादर स्टीफन्स आणि ख्रिस्तपुराण



एका संस्कृतीने दुसरीचे काही उचलले की ‘सांस्कृतिक अपहरण’ हा शब्द हल्ली चटकन पुढे येतो. शब्द नवा असला तरी प्रश्न जुना आहे. मराठीपुरता तो सर्वांत अवघड रूपात उभा राहतो तो इंग्लंडात जन्मलेल्या एका जेझुइट धर्मोपदेशकाने रचलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त.

थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये निवर्तले. मधली बहुतेक वर्षे त्यांनी साष्टीत काढली. त्यांचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ अशा दोन पुराणांत विभागलेला आहे. पहिल्यात बायबलच्या जुन्या कराराची कथा आहे, तर दुसऱ्यात येशूचे चरित्र.

आरंभी देवाला नमन, मग श्रोत्यांशी संवाद, मग कथा, हा क्रम पुराणिकाचाच. तीन चरण यमकात बांधून चौथा आखूड सोडायचा, ही ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील ओवीची चाल त्यांच्या हाती इतकी मुरली होती की परकेपणाचा खडा क्वचितच दाताखाली येतो. स्वर्गाला ते ‘वैकुंठ’ म्हणतात. साष्टीतील लोकांची बोली कोकणी आणि पुराणश्रवणाची भाषा मराठी, हा भेद त्यांनी नेमका ओळखला होता. म्हणून पुराण मराठीत, पण समजण्यास सोपे जावे म्हणून त्यात कोकणी शब्दांची मिसळ. धर्मशिक्षणाचे पुस्तक मात्र कोकणीत. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या तर प्रसिद्धच आहेत. अर्थात सभा-संमेलनांत त्या म्हणणाऱ्यांपैकी पुढच्या ओव्या किती जणांनी वाचल्या असतील, हा प्रश्न वेगळा!

एवढ्यावर थांबले तर हे आदानप्रदानाचे रम्य चित्र ठरेल. वस्तुस्थिती तशी नव्हती. साष्टीतील देवळे १५६० नंतरच्या दशकात पाडली गेली होती आणि हिंदूंच्या धर्मग्रंथांवर बंदी आली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची हत्या करण्यात आली. त्याच वर्षी स्टीफन्स आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांचे ग्रीक आणि लॅटिनशी असलेले रचनासाम्य टिपत होते.

ग्रंथाच्या आरंभीचा एक प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण विचारतो, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नातून ग्रंथाचा जन्म झाला, असे कवी सांगतो. म्हणजे रिकामी जागा आधी केली गेली आणि ओवी नंतर आली. जी ओवी पुराणिकाच्या मुखी वर्ज्य ठरली, तीच पाद्र्याच्या लेखणीतून मान्य झाली.

स्टीफन्स यांना चोर ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांनी ही भाषा दीर्घकाळ कष्टाने शिकून घेतली, तिचे ऋण ग्रंथातच उघडपणे मान्य केले, आणि आपण इथलेच आहोत असा आव आणला नाही. त्यांच्याच संघातील रॉबर्ट दे नोबिली यांनी मदुरेत संन्याशाचा वेष घेतला आणि आपण ‘परंगी’ नव्हे असे सांगितले. ती वाट यांची नव्हे. दोष उसनवारीत नाही. ज्याच्याकडून उसने घ्यायचे त्याच्याच घराला कुलूप लावणाऱ्या सत्तेत तो आहे, आणि स्टीफन्स त्या सत्तेच्या छायेत वावरत होते, एवढे मान्य करूनच त्यांचा गौरव व्हावा.

या सत्तेला ओवीचे प्रेम नव्हतेच. स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण १६४० मध्ये छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते. पुढे अवघ्या ४४ वर्षांनी, १६८४ मध्ये, व्हाइसरॉयच्या फर्मानाने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचे बंधन ख्रिस्ती रयतेवरच घातले गेले. दुसरीकडे रामायण-महाभारताच्या कोकणी गद्यकथा आणि मराठी काव्ये मिशनऱ्यांनी रोमन लिपीत उतरवून घेतली होती. ती हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. प्रतिपक्षाच्या खंडनासाठी जमवलेले साहित्य तिथे सुरक्षित राहिले, इथे नाही.

‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. दक्षिण कानडात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला जपल्या; जोसेफ साल्दाना यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे काढलेली आवृत्ती अशाच प्रतींवर उभी आहे. लंडनच्या मार्सडेन संग्रहात पुढे देवनागरी प्रतही आढळली. मराठी वाचकाच्या हाती हे पुराण त्याच्या स्वतःच्या लिपीत आले ते १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या पुण्यातील आवृत्तीने.