तिरपं, पण तिरकस नव्हे

इंग्रजीत ‘ऑब्लीकली’ असं एक क्रियाविशेषण आहे. त्याचा अर्थ ‘अप्रत्यक्षपणे’ असा सांगितला जातो आणि आपण पुढे जातो. पण ‘अप्रत्यक्षपणे’साठी इंग्रजीत ‘इनडायरेक्टली’ आहेच की! मग हा दुसरा शब्द कशाला?

मूळ लॅटिन शब्द ‘ऑब्लिक्वस’, म्हणजे तिरपा. कचेरीतल्या पत्राचा जावक क्रमांक आपण ‘बारा ऑब्लिक तीन’ असा वाचतो, ती तिरपी रेघ याच घराण्यातली. पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे, त्यालाही इंग्रजीत याच कुळातला शब्द आहे. त्या कलामुळे थंडीत ऊन तिरपं येतं, जास्त जागेवर पसरतं आणि सौम्य लागतं.

आता वापर पाहा. वस्तू आणि सेवा कर २०१७ साली आला. तो दुकानदार भरतो, भार मात्र गिऱ्हाइकावर पडतो. हा ‘इनडायरेक्ट’ कर. इथं ‘ऑब्लिक’ चालत नाही. परिणाम मधल्या कुणामार्फत पोचला, की ‘इनडायरेक्टली’. ‘ऑब्लीकली’ बहुधा बोलण्याला, उल्लेखाला, नजरेला लागतं. बोलणाऱ्याला नेम ठाऊक असतो, पण तो समोरून जात नाही, कडेनं जातो. उरलेली वाट ऐकणाऱ्यानं चालायची.

मराठीत याला काय म्हणावं? ‘तिरकस’ म्हटलं की टोचणी आली. ‘आडून’ म्हटलं की लपणं आलं. ‘लेकी बोले सुने लागे’ यात तर सासूच आली! ‘ऑब्लीकली’त असा दोषारोप असेलच असं नाही. ‘सूचकपणे’ त्यातल्या त्यात जवळचा. उर्दूतला ‘किनाया’ही शेजारचाच.

माझी कविता ऐकून, नाव ऐकून कुणी प्रेमानं म्हणतं, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” कौतुक खरंच असतं. पण त्यात एक प्रश्नही असतो, ऑब्लीकली विचारलेला : ही भाषा तुमची कशी? सरळ विचारलं तर मी सरळ सांगेन. घरात आईशी दखनी, अंगणात मराठी. आणि कविता जिच्यात सुचते ती मराठीच. प्रश्न तिरपा आला की उत्तर द्यायला जागाच उरत नाही. नुसतं “आभारी आहे” म्हणावं लागतं.

तरी तिरपेपणाला मी नावं ठेवणार नाही. मराठी व्याकरणात ज्याला सामान्यरूप म्हणतात, त्याला इंग्रजीत ‘ऑब्लिक’ रूप म्हणतात. ‘घोडा’ एकटा असतो तेव्हा ताठ असतो. ‘ला’ जोडायचा झाला की ‘घोड्या’ होतो, ‘घोड्याला’. दुसऱ्याशी नातं जोडताना शब्दालाही थोडं वाकावं लागतं. दुःखाच्या घरी गेल्यावर आपण गेलेल्या माणसाचा विषय एकदम काढत नाही, आधी पाऊसपाण्याचं बोलतो. तिथं तिरपं जाणं हीच माया असते.

मात्र उसने पैसे परत करताना, माफी मागताना, लग्नाच्या स्थळाला नकार देताना सरळ बोलावं. तिथं समोरच्याला अर्थ शोधत बसवणं बरं नव्हे.