पुस्तक मिटल्यानंतरचा निबंध



‘मराठीचे पाणिनी’ म्हणून गौरविले गेलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर हे काही काळ सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते आणि 1844 साली दुर्गाराम मेहताजींसमवेत त्यांनी येथे मानवधर्मसभा स्थापिली, हे सर्वश्रुत आहे. विद्यार्थ्याने मात्र दादोबांकडून आणखी एक गोष्ट घ्यावयास हवी. 1836 साली त्यांनी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा मांडणीसाठी लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना आणि परिभाषेसाठी संस्कृत शास्त्र त्यांच्यापुढे होते. पण या दोहोंच्या नुसत्या भाषांतराने मराठीचे व्याकरण सिद्ध झाले नसते. मराठी माणूस बोलतो कसा, याचा विचार त्यांना स्वतःच करावा लागला.

पुढे 1848 मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सभा निघाली. तिच्या मराठी व गुजराती शाखाही झाल्या. इंग्रजीतून शिकलेला विषय मातृभाषेत निबंधरूपाने मांडावयाचा आणि तो चारचौघांपुढे वाचावयाचा, असा तेथील क्रम होता. ऐकणाऱ्याने शंका विचारली की पाठांतर उपयोगी पडत नाही. समजले असेल तेवढेच कामी येते.

आज गाईडमधील उतारा घेऊन त्यातील चार शब्द बदलले, की निबंध ‘स्वतःच्या शब्दांत’ झाला असे मानले जाते. शब्द बदलतात, विचार मात्र उसनाच राहतो.

सुरतेतील मराठी विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते ती जानेवारी 1664 च्या शिवछत्रपतींच्या सुरत-स्वारीवर लिहिताना. इंग्रज वखारीच्या कागदांत शहरातील घबराट आणि धनिकांची लुटली गेलेली घरे दिसतात. कागद समकालीन खरे, पण लिहिणाऱ्यांची दृष्टी आपल्या मालावर होती. 1697 च्या सुमारास जिंजी येथे लिहिली गेलेली सभासदाची बखर स्वराज्याची बाजू सांगते. पण ती घटनेनंतर तीसहून अधिक वर्षांनी लिहिलेली. शिवाय 1660 पासून शाएस्ताखानाने पुण्यात तळ देऊन स्वराज्याचा मुलूख उजाड केला होता, हेही विसरता येत नाही. यांतील एकच पुस्तक उतरविणारा विद्यार्थी एक तर अभिमान लिहील, नाही तर आरोप. तिन्ही एकत्र ठेवणाऱ्याला मात्र दोन वाक्ये एका परिच्छेदात लिहावी लागतील : स्वारीमागे सबळ कारण होते, आणि नगरवासीयांचे दुःखही खरे होते. गुजराती शेजाऱ्यालाही निःसंकोच वाचून दाखविता येईल, असा हा निबंध होईल.

यासाठी रीत साधी आहे. प्रत्येक पुस्तक वाचून मिटावे आणि त्याचे म्हणणे दोन-तीन वाक्यांत लिहावे. ते साधले नाही तर पुन्हा वाचावे. मग पुस्तके कोठे जुळतात, कोठे भांडतात, याची टिपणे करावीत. निबंधाचा क्रम पुस्तकांचा नसावा, आपल्या प्रश्नाचा असावा. शेवटी सनावळी ताडून पाहावी, आणि ज्याचे घेतले त्याचे नाव सांगावे.

वर्गात बहुधा एकच पाठ्यपुस्तक असते. दुसरे, आणि त्याला विरोध करणारे तिसरे, ग्रंथालयाच्या कपाटात शेजारी शेजारी उभे असते. शतक पाहिलेल्या ग्रंथालयाने येणाऱ्या पिढीसाठी हा शेजार राखावा, आणि सभासदांनी आपल्या मुलांना त्या कपाटापर्यंत हाताला धरून आणावे.