संडास कुणाच्या सोयीचा?

(सातारा-सांगली भागातल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव 'स्वच्छता आणि स्त्रिया' असं छापलंय. मी मात्र सरळ संडास हाच शब्द वापरणार आहे. ज्या गोष्टीचं नाव घ्यायला आपण लाजतो, तिचा आराखडा दुसरंच कुणीतरी ठरवून टाकतं. देवळाला रंग कुठला द्यायचा यावर गावात तासन् तास चर्चा होते. पण संडासाचं भांडं कसलं बसवायचं, खड्डे किती घ्यायचे, दार कुठल्या बाजूला ठेवायचं, हे गवंडी आणि घरातला पुरुष दोघं उभ्या-उभ्या ठरवतात. पुढे त्यासाठी पाणी आणते बाई, आणि रोज घासतेही बाईच.

आपले दोन्ही जिल्हे या कामात मागे नाहीत. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, ते आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना. ते आपल्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. पुढे २०१८ च्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सातारा जिल्हा देशात पहिला आला. यात गावोगावच्या बायांचे कष्ट आहेत आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण संडास किती झाले हे मोजून झाल्यावर आता ते कसे झाले, हे आपणच तपासायला हवं.

अभियानाच्या काळात भिंती रंगल्या. लेकी-सुनांची अब्रू चव्हाट्यावर नको, म्हणून संडास बांधा, असा सगळ्या घोषणांचा सूर. पहाटे 'गुड मॉर्निंग पथकं' निघाली. टमरेल घेऊन निघालेल्या माणसांना शिट्ट्या मारायच्या, फुलं देऊन लाजवायचं, दंड करायचा. ज्या बाईला बसायला जागाच नाही, तिला लाज तरी कशाची देणार? अंधार पडेपर्यंत थांबायचं, पाणी कमी प्यायचं, लघवी तुंबवून धरायची आणि मग जळजळ, ताप, दवाखाना. बाईच्या बाहेर जाण्याचा खरा हिशोब हा आहे. तेव्हा संडास हा अब्रूचा विषय करू नका. तो आरोग्याचा, वेळेचा आणि हक्काचा विषय आहे. अब्रू म्हटलं की चार भिंती आणि एक दार पुरतं. हक्क म्हटलं की आत काय आहे, ते पाहावं लागतं.

म्हणून कुठल्याही संडासापुढे उभं राहून तीन प्रश्न विचारायचे. एक, याला पाणी किती लागणार आणि ते कोण आणणार? दोन, भरल्यावर कोण उपसणार? तीन, रात्री, पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, म्हातारपणी बाईला हा वापरता येईल का?

पहिला प्रश्न पाण्याचा. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ इथल्या मैत्रिणींना हे समजावून सांगायची गरज नाही. भांड्याचे प्रकार आहेत. एक ग्रामीण भांडं, म्हणजे खोल आणि तीव्र उताराचं. त्याच्या खाली वळणाची नळी असते, तिला गवंडी 'कोंबडा' म्हणतात. त्या वळणात सुमारे दोन सेंटिमीटर पाणी अडून राहतं. तेवढ्या पाण्यानं वास वर येत नाही आणि माशी आत जात नाही. मैला ढकलायला दीड ते दोन लिटर पाणी पुरतं. दुसरं शहरी पद्धतीचं भांडं, उतार कमी, कोंबड्यात पाणी जास्त. तिसरा कमोड. जुन्या पद्धतीच्या टाकीचा असेल तर एका वेळी दहा लिटरच्या आसपास पाणी जातं.

आता हिशोब मांडा. घरात सहा माणसं. ग्रामीण भांड्याला दिवसाला बारा लिटर, म्हणजे साधारण एक हंडा. दहा लिटरच्या टाकीला साठ लिटर, म्हणजे चार हंडे. हे तीन जादा हंडे कुणाच्या डोक्यावर येणार? गुळगुळीत, चकचकीत भांडं दुकानात छान दिसतं. पण टँकरच्या गावात ते बसवलं की महिन्याभरात त्या खोलीत सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या दिसतात. मग लोक म्हणतात, 'सवयच नाही बायकांना.' सवय नसते असं नाही, पाणी नसतं.

दुसरा प्रश्न, कोण उपसणार? हा जातीचा प्रश्न आहे, आणि तो संडासाच्या रचनेत दडलेला आहे. जुन्या पेठांतून, वाड्यांच्या मागच्या बोळांतून टोपलीचे संडास असत. त्यात रचना अशी काही नव्हतीच. खाली टोपली किंवा डबा, आणि तो उचलायला एका जातीची माणसं, त्यातही बाया. डोक्यावरून मैला वाहणं हाच त्या संडासाचा चालण्याचा मार्ग होता. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून आग्रह धरला, उपोषण केलं, आणि गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण केलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत होईल अशा संडासांचे प्रयोग केले. माणसाला या कामातून सोडवायचं तर नुसता उपदेश पुरत नाही, संडासच बदलावा लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. कोरड्या संडासांना बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी आणणारा अधिक कडक कायदा २०१३ चा.

आज टोपली गेली. तिच्या जागी आली सेप्टिक टाकी. गावात कुणाची टाकी किती मोठी, यावर आता घराची प्रतिष्ठा ठरते. 'आमच्या हयातीत भरायची नाही,' असं कौतुकानं सांगतात. सेप्टिक टाकीची खरी रीत अशी : आत दोन-तीन कप्पे, जड गाळ खाली बसतो, वरचं पाणी पुढच्या कप्प्यात आणि तिथून शोषखड्ड्यात जातं. वायू जायला उंच नळी, तोंडाला जाळी. आणि दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसायचाच. आपल्याकडे शोषखड्डा गाळला जातो, पाणी उघड्या गटारात सोडलं जातं, आणि त्या गटाराच्या कडेला आपलीच पोरं खेळतात. शिवाय न भरणारी टाकी नसते. ती भरते तेव्हा कुणीतरी आत उतरतो. आतल्या विषारी वायूनं माणूस क्षणात कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं. २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढली, पण मागे राहिलेली विधवा तीच आणि तिची जातही बहुतेक वेळा तीच.

मग उपाय काय? खेड्यात, जिथं थोडी जागा आहे, तिथं दोन शोषखड्ड्यांचा संडास. घराला परवडणारा आणि जातीच्या जोखडातून सोडवणारा. भांड्यापासून निघालेली नळी एका छोट्या चेंबरमध्ये येते. तिथून दोन फाटे, इंग्रजी वाय अक्षरासारखे. एका वेळी एकच फाटा उघडा, दुसरा बंद. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण एक मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल असा एकेक खड्डा पुरतो. भिंत विटांची, पण मध्ये मध्ये भोकं ठेवलेली, जाळीसारखी. तळाला फरशी नाही, गिलावा नाही. पाणी जमिनीत मुरतं, वायूही मातीतच जिरतो, म्हणून या खड्ड्याला वासाची नळी लागत नाही. पहिला खड्डा भरायला काही वर्षं जातात. भरला की फाटा बदलायचा आणि भरलेला खड्डा किमान वर्षभर, जमल्यास दीड-दोन वर्षं मुरू द्यायचा. मग निघतं ते कोरडं, भुसभुशीत, वास नसलेलं खत. आपल्या आज्या त्याला सोनखत म्हणायच्या. ते घरातलं कुणीही फावड्यानं काढू शकतं. २०१७ साली केंद्राचे पेयजल व स्वच्छता सचिव तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात अशा खड्ड्यात स्वतः उतरले आणि त्यांनी खत बाहेर काढलं. सचिव उतरू शकतात, तर आमच्या घरातल्या पुरुषांना काय झालं?

पण दोन खड्डे म्हणजे सगळीकडे एकच नकाशा नव्हे. कृष्णाकाठची काळी जमीन पाणी लवकर पीत नाही. तिथं खड्ड्याभोवती वीतभर-दीड वीत वाळू-खडीचा थर द्यावा लागतो. मिरज, पलूस, वाळवा भागानं २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले. पाणी ओसरल्यावर घर धुतलं, भांडी धुतली, आणि भरलेले संडास कुणी धुतले तेही आपल्याला ठाऊक आहे. अशा ठिकाणी चौथरा उंच, खड्ड्याचं तोंड पुराच्या पाण्याच्या वर, असंच बांधायला हवं. पाटण-जावळीच्या खडकाळ उतारावर खोल खणता येत नाही, तिथं खड्डा अर्धा जमिनीवर घेऊन भोवती मातीची भर घालता येते. विहिरीपासून दहा-पंधरा मीटर लांब राहायचं, हे मात्र सगळीकडे. आणि न्हाणीचं पाणी या खड्ड्यात सोडायचं नाही, ते परसबागेला.

ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांना गोबरगॅसला संडास जोडता येतो. देहूला डॉ. मापुसकर १९५९ साली सरकारी डॉक्टर म्हणून गेले आणि पुढे आयुष्यभर संडासाच्याच प्रश्नात राहिले. त्यांनी मैल्यावर चालणारं 'मलप्रभा' गॅससंयंत्र रुळवलं. अशा गॅसवर स्वयंपाक करायला घरात आधी नाकं मुरडली जातात. पण सरपणाची मोळी जिच्या डोक्यावरून उतरते, तिला हिशोब लवकर पटतो.

शहरात जागा नाही, तिथं सेप्टिक टाक्या राहणारच. मग उपसण्याची व्यवस्था नगरपालिकेनं करायची. हे आपल्याच वाईत घडलंय. २०१८ पासून तिथं टाकी तुंबण्याची वाट न पाहता, दर तीन वर्षांनी ठरलेल्या वेळापत्रकानं गाडी येते, यंत्रानं गाळ ओढून घेते आणि मैला प्रक्रिया केंद्रावर नेते. खर्च कराच्या रूपानं सगळ्यांवर वाटून टाकलेला. माणूस आत उतरत नाही आणि घाण कृष्णेतही जात नाही. लहान गावाला हे जमतं, तर मोठ्यांना विचारायला आपल्याला तोंड आहे.

तिसरा प्रश्न आतल्या सोयीचा. कडी आतून लागते का, आणि ती ओल्या हातानं सरकते का? उजेड आहे का? खिडकी डोक्याच्या वर आहे का? साडीचा पदर, पिशवी अडकवायला खुंटी आहे का? एवढीशी खुंटी, पण नकाशात कधीच नसते, कारण नकाशा काढणाऱ्यानं साडी नेसलेली नसते. पाळीचं कापड धुवायला आत नळ किंवा बादलीची जागा, पॅड टाकायला झाकणाचा डबा हवा. नाहीतर पॅड कोंबड्यात अडकतो आणि बोलणी सुनेला बसतात. गुडघे धरलेल्या सासूला, सात महिन्यांच्या गरोदर बाईला उठताना धरायला भिंतीत एक दांडा हवा. दार एवढं रुंद हवं, की म्हातारीला धरून आत नेता येईल.

घराबाहेरही हेच. बाजारात, बसस्थानकात पुरुषांची मुतारी फुकट आणि बाईनं लघवीला पैसे मोजायचे. याच अन्यायाविरुद्ध २०११ साली मुंबईत 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली. आणि आपल्याच साखरपट्ट्यात दर हंगामात कोपीत राहायला येणाऱ्या ऊसतोड बाया? बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली. पण पहाटे चारला कोयता घेऊन निघणाऱ्या बाईला पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, ही रोजची गोष्ट चर्चेत मागेच पडली. कारखान्याच्या तळावर बायांसाठी संडास-न्हाणी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

शेवटी, संडास कुणाच्या नावावर? स्वच्छ भारतच्या बारा हजार रुपयांच्या यादीत स्त्री-कुटुंबप्रमुख घरं धरलेली होती. पण नवऱ्यानं टाकलेली बाई भावाच्या दारात राहते, तिचं वेगळं घर कागदावर येतच नाही. ऐंशीच्या दशकात याच भागातल्या परित्यक्तांनी रेशनकार्डासाठी, घराच्या जागेसाठी लढा दिला. जागा नाही तर खड्डा कुठं खणणार? म्हणून संडासाची मागणी जागेच्या मागणीपासून तोडता येत नाही.

आता कामाचं. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. पुढच्या सभेआधी प्रत्येकीनं आपल्या गल्लीतले दहा संडास पाहायचे. भांडं कसलं, खड्डे दोन आहेत की एक, तळाला गिलावा केलाय का, चेंबरचा एक फाटा खरंच बंद आहे का, टाकीचं पाणी कुठं जातं, कडी, उजेड, खुंटी आहे का, एवढं वहीत लिहायचं. शक्य असेल तर गवंडीकाम शिकायचं, कारण संडास बांधणारी बाई असली की खुंटी विसरली जात नाही. आणि ती वही घेऊन सभेत उभं राहायचं. तिथं कुणी हसलंच तर हसू द्या. आपण शब्द खाली पाडायचा नाही. संडास म्हणायचं, आणि पुढचा प्रश्न विचारायचा.