भाडेकरूही आपलाच शेजारी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मला भाड्याच्या घरांचा कायदा सांगायला उभं केलंय. पण सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आपल्या सोसायटीतला माझा दुसरा फ्लॅट मी भाड्याने देतो. दोन वर्षांपूर्वी तिथल्या कुटुंबाचं दोन महिन्यांचं भाडं थकलं. वाळूजच्या कंपनीतलं त्यांचं काम सुटलं होतं. मी चिडून वॉचमनला फोन केला, "त्यांचं पाणी बंद कर." आई शेजारीच बसली होती. एवढंच म्हणाली, "गुलमंडीचा नळ विसरलास का रे?"

गुलमंडीत आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मालकांनी एकदम दुप्पट भाडं मागितलं. बाबा नाही म्हणाले, तर त्यांनी भाडं घेणंच थांबवलं, नळ तोडला, आणि वर 'भाडं थकवलं' म्हणून दावा लावला. बाबा दरमहा मनीऑर्डर करायचे, ती परत यायची. त्या मनीऑर्डरच्या पावत्यांनीच आमचं घर वाचवलं.

तेव्हा मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. तो जाऊन ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. म्हणजे आपली सोसायटी आणि तो एकाच वयाचे! त्यानुसार मालकाला भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. भाडं थकलं तर आधी लेखी नोटीस, मग ९० दिवस वाट पाहायची, त्यानंतरच दावा. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूनं थकबाकी, १५ टक्के सरळव्याज व दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढे निकालापर्यंत भाडं भरत राहिला, तर थकबाकीसाठी त्याला घराबाहेर काढता येत नाही. भाड्याची पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. सबळ कारणाशिवाय पाणी-वीज तोडता येत नाही.

आपल्याकडे बहुतेक करार अकरा महिन्यांचे, 'लिव्ह अँड लायसन्स'चे. ते वेगळे. तिथे ४ टक्क्यांचा नियम नाही, करारात लिहिलेलं चालतं. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावं. दुप्पट शुल्कही मागता येतं. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणारा सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात.

माझाही करार असाच होता. पण पाणी तोडायचा हक्क मला त्यात कुणी दिला नव्हता. मी वॉचमनला परत फोन केला. संध्याकाळी त्यांच्याकडे बसून हप्ते ठरवले, कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. चार महिन्यांत पैसे फिटले.

आता एक करा. इथे घर घेण्याआधी जे भाड्यानं राहत होते, त्यांनी हात वर करा. बघा, किती हात आहेत ते!

भाडं हक्कानं मागा, वेळेवर मागा, पावती द्या. नळाला मात्र हात लावू नका.